मडकं कुणाचं, ते आतून बघा

प्रश्न: म्युझियममध्ये काचेमागे चार खापरं असतात आणि खाली पाटी, 'अमुक संस्कृतीचे लोक'. नुसत्या भांड्यावरून लोक कसे काय ठरवतात? नक्षी तर कुणीही कुणाची उचलेल ना?

उत्तर: शंका एकदम रास्त आहे, यावर पुरातत्त्ववाल्यांचीच आपसात वर्षानुवर्षं भांडणं झालीत. युरोपात साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची उलट्या घंटेसारखी भांडी सापडतात, बेल बीकर म्हणतात त्यांना, तर वाद असा की एकच लोक सगळीकडे पसरले का नुसती फॅशन पसरली. २०१८ साली जुन्या हाडांच्या डीएनएचा मोठा अभ्यास आला आणि उत्तर निघालं, दोन्ही! स्पेन-पोर्तुगाल आणि मध्य युरोपात भांडी सारखी पण माणसं वेगळी, ब्रिटनमध्ये मात्र भांड्यांबरोबर माणसंच आली, इतकी की काही शतकांत तिथला जवळपास ९० टक्के वंश बदलला.

आणि नक्षीचं तर विचारूच नका. निळी-पांढरी चिनी मातीची भांडी घ्या. त्यातला निळा कोबाल्ट इराणकडून चीनमध्ये गेला, १४व्या शतकात जिंगदेझेनच्या कारागिरांनी त्यातून जगाला वेड लावणारी भांडी काढली, मग १७व्या शतकात डेल्फ्टच्या डच लोकांनी त्यांची नक्कल केली (तसली माती नव्हतीच त्यांच्याकडे, साध्या मातीवर कथलाचं पांढरं ग्लेझ चढवून भागवलं), आणि आता ती हॉलंडची ओळख. मला यात काही खोटं वाटत नाही, वापरून वापरून उसनं पण आपलंच होतं.

पण मूळ धागा पकडायचा तर भांड्याच्या आत बोट फिरवा. मातीच्या वळ्या रचून केलेलं भांडं बरेचदा वळीच्या जोडावरच आडवं फुटतं, चाकावरच्यात बोटांच्या गोल रेघा लागतात, आणि आतून दगड धरून बाहेरून थापीने थापटलेलं असेल तर आत उथळ खळगे. ही सवय आई-आजीच्या शेजारी बसून हाताला लागते, गिऱ्हाइकाला दिसत नाही मग बदलायची कशाला! आफ्रिकेत कुंभारणींसोबत राहिलेल्या अभ्यासकांनाही हेच दिसलं, बाजार बदलला की नक्षी पटकन बदलते, घडवायची रीत सहसा नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सॅन इल्डेफोन्सो पुएब्लो हे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव आहे, तिथल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांचंच बघा. चाक नाही, वळ्याच, दगडाने घासून घासून चकाकी आणायची, मग ऐन भाजणीत आगीवर शेणाची भुकटी टाकून हवा तोडायची की भांडं काळंभोर. १९२०च्या आसपास त्यांनी आणि नवरा जुलियन यांनी काळ्यावर काळी नक्षी काढली, म्हणजे चकचकीतवर मॅट, ती नवीनच होती, आणि आज तीच त्या गावाची खूण आहे. गंमत म्हणजे तिथे भांड्यावर सही करायची पद्धतच नव्हती, ती बाहेरच्या खरेदीदारांमुळे आली.