साडेचार तास की साडेचौदा?

प्रश्न : लेकीने जानेवारीतलं लंडनचं जाण्यायेण्याचं तिकीट पाठवलंय. मुंबईहून दुपारी १ ला निघून त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला लंडन. परतताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई. अंतर एकच, मग जाताना साडेचार तास नि येताना साडेचौदा कसे? माझ्या गुडघ्यांनी किती तासांची तयारी ठेवायची?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जानेवारीत लंडन आपल्यामागे साडेपाच तास. म्हणून जाताना साडेचारात साडेपाच मिळवा : १० तास. येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा : ९ तास. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग साडेचारच धरायचे. माझ्या एका व्याह्यांनी हे विसरून जावयाला विमानतळावर तासभर ताटकळत ठेवलं होतं.)

आता अंतर. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे संगणकाआधी माझा हात दोऱ्याकडे जातो. घरातल्या पृथ्वीगोलाचा विषुववृत्तावरचा घेर ९४ सेंटिमीटर आहे, म्हणजे १ सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला, १७ सेंटिमीटर भरला. गुणाकार ७,२२५. अक्षांश-रेखांशांवरून सूत्राने काढलं तर ७,२०० च्या आसपासच येतं. दोऱ्यावर मी फारच खूश आहे, हे कबूल करतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवू नका. तिथली सरळ रेघ बगदादजवळून, तुर्कस्तानावरून जाते. गोलावरचा दोरा त्याच्या बराच उत्तरेला, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियनचा नैर्ऋत्य कोपरा, युक्रेन असा चढतो, आणि जवळचा रस्ता तोच.

पण विमानाला दोऱ्यावरून जाऊ देतील तर ना! युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननेही एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. वळसा आलाच. ताशी ९०० किलोमीटरने ७,२०० चे आठच तास होतात. वरचे तास या वळशात, धावपट्टीपर्यंतच्या रांगण्यात नि चढण्या-उतरण्यात जातात.

उरला जाण्या-येण्यातला एक तास. तो वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी.

तेव्हा गुडघ्यांना जाताना दहा, येताना नऊ असं सांगून ठेवा. आणि लेकीला म्हणावं, खिडकी नको, वाटेकडेची जागा घे.