ड्रेन बोल्ट गळतो म्हणून आवळत सुटू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगनंतर ड्रेन बोल्टाखाली (इंजिनातलं तेल सोडायचा तळाचा बोल्ट) तेलाचा थेंब, पुढच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागाला, ब्रेकची नळी जिथं जोडते तिथं ओल, मिस्त्री म्हणतो "अजून थोडं आवळून देतो", आणि वणीच्या स्पेअरवाल्यानं तांब्याचा, अॅल्युमिनियमचा नि फायबरचा असे तीन वॉशर तळहातावर ठेवून "कोणताही लावा, काही होत नाही जी" म्हणून सांगितलं. हेच दुखणं मी पांढरकवड्याच्या बाजूला राहून भोगलंय, म्हणून जरा लांबड लावतो. मी मेकॅनिक नाही, शेती करतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं काही म्हणत असेल तर त्याचंच ऐका.

सगळ्यात आधी, आजपासून तो बोल्ट कोणालाही आवळू देऊ नका. बाकीचं नंतर.

ड्रेन बोल्टाच्या वॉशरवर दाब असा जवळपास नसतोच. वर लिटरभर तेल उभं असतं, तेवढंच त्याला अडवायचं असतं. तांबं असो की अॅल्युमिनियम, हे काम दोन्ही करतात. म्हणजे नवा वॉशर टाकूनही गळत असेल तर धातूला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा. जुना वॉशर इंजिनालाच चिकटून राहिलाय का? हे फार होतं. तो चपटून इंजिनाच्या केसच्या, म्हणजे धातूच्या कवचाच्या, रंगाचा झालेला असतो, दिसतच नाही, आणि पोरगं त्याच्यावरच दुसरा चढवतं. टॉर्च लावा, नखानं खरवडून पाहा. मग बसायची जागा बघा, तिथं खडा किंवा पेचकसाचा ओरखडा आहे का. तिसरी गोष्ट आटे. बोल्ट शेवटपर्यंत जाऊनही गुळगुळीत फिरतच राहत असेल तर आटे गेलेत, आणि त्यावर जगातला कोणताही वॉशर इलाज नाही.

आणि गळती बोल्टाचीच आहे ना, याचीही खात्री करा. गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, क्लच कव्हरचं पॅकिंग, काही गाड्यांत तेल गाळायच्या जाळीच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी), यातलं काहीही पाझरलं तरी थेंब खालच्या बोल्टावरूनच टपकतो. आपल्याकडच्या धुळीत तर तेल कुठून आलं ते कळतच नाही, सगळा काळा चिखल. खालची बाजू रॉकेल-डिझेलनं पुसून कोरडी करा, अंगाला लावायची पावडर भुरभुरवा, गाडी तापेपर्यंत चालवा आणि वाकून बघा. ओली रेघ जिथून सुरू होते तिथं रोग.

माप म्हणाल तर होंडाच्या घराण्यातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना १२ मिलिमीटरचा बोल्ट असतो, पण अंदाजानं घेऊ नका, बोल्ट खिशात घालून दुकानात जा. वॉशर बोल्टात सैल न डुलता बसावा आणि बोल्टाच्या टोपीच्या बाहेर येऊ नये. दोन वॉशर एकावर एक, कधीच नाही. माझी पसंती अॅल्युमिनियमला, कारण तो कमी जोरात बसतो आणि केसचे आटे वाचतात. तांब्याचा घेतला तर मऊ हवा. फरशीवर टाकून बघा, खणखणला तर कडक आहे. गॅसवर लाल करून थंड केला की तांबं पुन्हा मऊ पडतं, पाण्यात बुडवलं तरी चालतं. अॅल्युमिनियमवर हा प्रयोग नको, ते लाल दिसण्याआधीच ६६० अंशाला वितळतं. फायबरचा पेट्रोलच्या कॉकपर्यंत ठीक, इथं मला पटत नाही.

आता ज्यानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सांगतो. एक अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव-गाव लिहीत नाही. गाडी वॉरंटीत होती, म्हणून बाहेर कुठं हातही लावू दिला नव्हता. तेल बदलून आणल्यावर थेंब सुरू झाला. परत नेली, त्यांनी आवळून दिली. पुन्हा थेंब, पुन्हा नेली, पुन्हा आवळली, आणि या वेळी पोरानं जोर वाढवायला पान्याला पाइप लावला. मी काचेच्या पलीकडून बघतोय, आत जाऊ देत नाहीत. मी काउंटरवर म्हटलं, बावा, एक वॉशर द्या ना नवा, मी पैसे देतो. तर म्हणे, "वॉशर सुटा येत नाही, सेट मागवावा लागते नागपूरवरून." खोटं होतं ते. कंपनीच्या पार्ट्सच्या चित्रात त्या वॉशरला स्वतःचा नंबर आहे, तोच नंबर सांगून मी नंतर दुसऱ्या दुकानातून दहा-वीस रुपयांत घेतला.

शेवटी आटे गेलेच. तेव्हा त्याच काउंटरचा सूर बदलला: गाडी बाहेर उघडलेली दिसते, तुमच्याकडचे रस्ते असे, वॉरंटीत बसत नाही, अर्धं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, बदलावं लागेल. जॉब कार्डची (केलेल्या कामाच्या नोंदीची) प्रत मागितली तर "सिस्टीममध्ये आहे", दिलीच नाही. बिलावर नुसतं 'कन्झ्युमेबल्स' (किरकोळ वापराच्या वस्तू) आणि एक आकडा. त्यात वॉशर होता की कापडाची चिंधी, कोण सांगणार? कंपनीला मेल केला, त्याचं छापील उत्तर आलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, २०१९ च्या कायद्यानं पाच लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही, हे सगळं खरं. पण हातात कागद नसला की तुमच्या शब्दाला त्यांचा शब्द. आणि हे चाललं होतं ऐन पेरणीच्या तोंडावर, बियाणं आणायला दुसऱ्याची गाडी मागत फिरलो.

काम केलं तालुक्याच्या लेथवाल्यानं. "चुडी मेली जी हिची," म्हणजे आटे गेले, म्हणाला, भोक मोठं करून हेलिकॉइल (तारेच्या नव्या आट्यांचं वेटोळं) बसवलं, आजही कोरडं आहे. म्हणून म्हणतो, सेंटरला नेताना वॉशर स्वतः घेऊन जा, जॉब कार्डवर 'ड्रेन वॉशर नवीन' लिहून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि काढलेला जुना परत मागा. लोक हसतात, हसू द्या.

ब्रेकचं मात्र पूर्ण वेगळं गणित आहे. तिथं लिव्हर जोरात दाबला की टायरमधल्या हवेच्या सहज दहा-वीस पट दाब येतो. नळीच्या टोकाला जो गोल डोळा असतो तो बँजो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर हवा. एका बोल्टावर दोन नळ्या असतील तर तीन. भोक बहुधा १० मिलिमीटरचं, पण जाडी जुन्याइतकीच घ्या, फार जाड घेतला तर बोल्टाला आटे कमी मिळतात. इथं वॉशर दरवेळी नवा. तांबं लाल करून परत वापरायची काटकसर इथं करू नका, हे माझं ठाम मत.

आपल्याकडे एक घोळ हमखास होतो, तो ट्रॅक्टरच्या दुकानामुळे. हायड्रोलिकसाठी लोखंडी कड्यात रबर असलेला डाउटी वॉशर मिळतो. वस्तू उत्तम, तेलाला मस्त. पण त्यातलं रबर बहुधा नायट्राइल असतं आणि डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये ते फुगून खराब होतं. ब्रेकच्या आतली रबरं वेगळ्या जातीची असतात, त्यांना उलट इंजिन ऑइल चालत नाही. म्हणून ब्रेकच्या जोडाला साधा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचाच वॉशर. टेफलॉन टेप, शेलॅक (लाखेचा चिकट लेप), सिलिकॉन, काही नाही. बँजो आट्यांवर सील होतच नाही, वॉशरच्या सपाट तोंडावर होतो. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर नळी तुंबेल ते वेगळंच.

जोड झाल्यावर लिव्हर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं रात्रभर बांधून ठेवा, बँजोखाली पांढरा कागद गुंडाळा. सकाळी कागद ओला तर गाडी रस्त्यावर काढू नका. टाकीवर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलतो.

किती आवळायचं? मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे आवळायच्या जोराचं माप, दिलेला असतो, पण टॉर्क पाना गावात कोणाकडे असतो? माझा जुगाड असा: कापूस वेचणीचा माल तोलायचा हुकाचा काटा घरात असतोच. पान्यावर बोल्टाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर खूण करा, तिथं काटा अडकवून पान्याला काटकोनात ओढा. १५ किलो दाखवलं की साधारण ३० न्यूटन मीटर, साडेबारा किलोला २५. काटा बरोबर असेल तरच, आणि अंदाज म्हणूनच घ्या. पण पाइप लावण्यापेक्षा हजार पटीनं बरं.

पुढच्या ब्रेकची ओल आधी बघा, तेलाचा थेंब दोन दिवस थांबेल. बँजोचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका. आणि गाडी कोणत्या सालची ते लिहा. १ एप्रिल २०१९ नंतरची १२५ सीसीच्या वरची असेल तर तिला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असणारच, मग जोडही जास्त आणि ब्रेकच्या नळीतली हवा काढणंही किचकट, त्याचं वेगळं लिहीन.