रत्नागिरीत एक दिवस: गणपतीपुळे की गाव?

प्रश्न: गोव्याहून परतताना मी आणि माझी ७२ वर्षांची आई एका सोमवारी रत्नागिरीला उतरणार आहोत. सकाळी सातला पोचू, पुढची गाडी रात्री दहानंतर आहे. सगळे म्हणतात, गणपतीपुळ्याला जाऊन या, रत्नागिरीत बघायला काय आहे? आईचे गुडघे दुखतात. दिवस कसा घालवावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी वार बदला. थिबा राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. मी स्वतः माहेरच्या मंडळींना मोठ्या तोऱ्यात तिथे घेऊन गेले होते. सोमवार होता. फाटकातून छप्पर बघून परत आलो आणि भावजय अजून त्यावरून टोमणे मारते. मंगळवार जमवा.

दुसरं असं की माझं सासर रत्नागिरीचं. त्यामुळे ‘रत्नागिरीत काय आहे’ असं कुणी म्हटलं की मला जरा रागच येतो. गणपतीपुळं सुंदरच आहे, पण जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात आणि रस्ता वळणांचा. त्यासाठी वेगळा मुक्काम ठेवा. हा दिवस गावाला द्या.

स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणून तिथूनच दिवसभरासाठी रिक्षा ठरवा. उन्हं चढायच्या आत रत्नदुर्ग करून टाका. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला, तीन बाजूंनी समुद्र. १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. गाडी बरीच वर जाते. भगवतीच्या देवळापर्यंत जाताना आईंना घाई करू नका, हाताला धरून एकेक पायरी. तटावरून मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात. सगळी तटबंदी फिरायचा हट्ट धरू नका, दुपारी आईंचे पाय लागणार आहेत.

तिथून टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६. कौलारू, साधं कोकणी घर. दहा मिनिटांत बघून होतं, पण दहाच मिनिटांत निघू नका. अंगणात बसा आणि आईंना ही गंमत सांगा: १९०८मध्ये इंग्रजांनी टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेच्या तुरुंगात धाडलं. मंडाले ही ब्रह्मदेशाचा राजा थिबा याची राजधानी. आणि तो राजा त्या वेळी कुठे होता? इथे, टिळकांच्या जन्मगावी, नजरकैदेत! रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. शाळेत मला हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकवलं होतं, ते एकत्र कुणी जोडून दाखवलं नाही.

म्हणूनच आधी टिळकांचं घर आणि मग राजवाडा, असाच क्रम ठेवा. मधे पतितपावन मंदिर आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं, १९३१ सालचं. मग जेवण. मासे खात असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सोलकढी आणि भात. त्यानंतर एखाद्या लॉजवर आईंना दोन तास आडवं होऊ द्या. या दोन तासांत काटकसर करू नका.

चारच्या सुमाराला राजवाडा. १८८५मध्ये राज्य गेलं, पुढच्या वर्षी थिबाला रत्नागिरीत आणलं. हा वाडा मात्र बांधून झाला १९१०मध्ये. म्हणजे राजाने जवळजवळ पाव शतक दुसरीकडे काढलं आणि इथे जेमतेम सहा वर्षं, कारण १९१६च्या डिसेंबरात तो गेला. वाडा गाजतो त्याच्या नावाने, पण त्याच्या वाट्याला थोडाच आला. आणि १९१०मध्ये तो इथे राहायला आला तेव्हा टिळक मंडालेच्या कोठडीत होते. अर्धगोल लाकडी खिडक्या आणि त्यांतल्या रंगीत काचा नीट बघा. आईंना जिना जमला नाही तर खालचं दालनच पुरे. राणी १९१९मध्ये मायदेशी परतली, थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. मला राजापेक्षा तिचंच जास्त वाटतं.

वेळ असेल तर जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा, नाहीतर थेट मांडवी गाठा. तिथली वाळू काळी, गुडघ्यांना त्रास नको म्हणून किनाऱ्यावर उतरू नका, कठड्यावर बसा. भेळ घ्या. सूर्य बुडाल्यावर लगेच उठायची गरज नाही, गाडी दहानंतर आहे.

आणि शिमग्याच्या दिवसांत येत असाल तर ग्रामदैवत भैरीची पालखी रस्त्यात भेटली म्हणून रिक्षावाल्यावर वैतागू नका. तोही खाली उतरून हात जोडत असेल.