नेत्रपल्लवी कुणाकुणात होते?

विट्याच्या एका वाचकांची शंका आहे. लग्नाच्या याद्यांचं वर्णन करताना त्यांनी लिहिलं, "मानपानाचा विषय निघाला तशी मुलाच्या मामांची आणि वडिलांची नेत्रपल्लवी झाली." मित्रानं चूक काढली. त्याचं म्हणणं, नेत्रपल्लवी प्रेमात पडलेल्यांची असते, दोन मिशीवाल्यांची नव्हे.

मी वाचकांच्या बाजूनं आहे. प्रेमाचा वास या शब्दाला लागला तो कवितेमुळं आणि नाटकांमुळं. शब्दाच्या पोटात प्रेम नाही, बोलणं आहे.

यातली 'पल्लवी' आली ती करपल्लवीतून. पल्लव म्हणजे कोवळं पान, करपल्लव म्हणजे पानासारखा नाजूक हात, आणि हातांनी बोलायची ती करपल्लवी. नेत्रपल्लवी तिच्याच मापानं बेतलेली दिसते. करपल्लवी मात्र नुसते हातवारे नव्हेत, तिला चक्क वर्णमाला आहे. अहिफण, कमल, चक्र, टंकार, तरू, पल्लव, यौवन, शृंगार: यांची पहिली अक्षरं वाचा, अ क च ट त प य श. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, आणि पुढं जितकी बोटं तितकं त्या वर्गातलं अक्षर. मात्रा चुटकीनं. नुसतं 'मग' म्हणायचं तर आधी पल्लव आणि पाच बोटं, नंतर कमळ आणि तीन बोटं. (तोवर समोरचा उठून गेला तर त्याला दोष देऊ नये.) कर्णबधिरांची सांकेतिक भाषा ही नव्हे. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, करपल्लवी आपलीच अक्षरं हातावर मांडते.

डोळ्यांना अशी वर्णमाला नाही. नेत्रपल्लवी चालते ती दोघांच्या आधीच्या ओळखीवर. याची गंमत बघायची तर खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार बघावा. खिलार खोंडाचा सौदा उपरण्याखाली होतो. कुणी किती बोटं दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक, आकडा शेकड्यातला की हजारातला हेही त्यांना आधीच उमजलेलं. हात झाकले, पण डोळे कसे झाकणार? म्हणून मुरलेला हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, त्या वेळी समोरच्याकडं बघतच नाही. खोंडाच्या वशिंडाकडं बघतो, नाहीतर लांब कुठंतरी. डोळ्यानं भाव फुटतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

आणि तो फुटतो याला शरीराचं कारण आहे. माणसाच्या बुबुळाभोवती पांढरा भाग मोठा आणि उघडा असतो, त्यामुळं नजर कुठं वळली ते लांबूनही कळतं. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली इतर वानरांच्या डोळ्यांशी तुलना करून हे वेगळेपण दाखवलं होतं. बोलता न येणारं वर्षाचं पोरही आईची नजर गेली तिकडं बघतं आणि बोट दाखवतं. ज्या बोटानं दाखवतं त्याला आपण तर्जनी म्हणतो, म्हणजे दम देणारी. संस्कृतात 'तर्ज्' म्हणजे धमकावणं. पोराला काय त्याचं!

आता मूळ मुद्दा. जवळचे शब्द शेजारी ठेवून बघा. डोळे वटारणं, डोळा मारणं, खुणावणं, इशारा करणं ही सगळी एकट्याची कामं. नजरानजर मात्र दोघांची. मारामारीसारखीच शब्दाची घडण, त्यामुळं एकट्याला ती करताच येत नाही. पण नजरानजर एसटीत अनोळखी माणसाशीही होते आणि तिथंच संपते. नेत्रपल्लवीत विचारणा असते, उत्तर असतं, आणि बहुधा तिथंच बसलेला एक तिसरा असतो ज्याला ते कळू द्यायचं नसतं. याद्यांच्या बैठकीत असे तिसरे पाच-पंचवीस असतात. तेव्हा शब्द अगदी जागेवर पडलाय. फक्त 'डोळ्यांनी नेत्रपल्लवी केली' असं लिहू नका, नेत्र त्यात आहेतच.

एकच विचारतो. वडिलांनी उलट काही खुणावलं होतं का? मामांनी डोळे मिचकावले आणि वडील पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिले असतील, तर तो नुसता इशारा झाला.