कूळ सोडल्याचा कागद घरात बसून होत नाही

प्रश्न : लांजा तालुक्यात 26 गुंठे भातशेत आम्ही तीन पिढ्या कसतो. मालक दुसरे. सातबाऱ्यावर इतर हक्कात आजोबांचे नाव ‘साधे कूळ’ म्हणून अजून आहे. आजोबा 1968 साली गेले, मग वडिलांनी कसली, आता आई आणि मोठा भाऊ कसतात. मी नालासोपाऱ्याला असतो. 1957 साली मालकीणबाई विधवा होत्या. त्या 1983 मध्ये पुण्यात वारल्या, हे आम्हाला आत्ता कळले. खंड, म्हणजे मालकाला द्यायचे जमिनीचे भाडे, दोन मण भात. 1990 नंतर न्यायला कोणी आलेच नाही. यंदा शिमग्याला त्यांचे नातू आले. म्हणाले, ‘तुमची मुदत कधीच संपली, खंडही थकलाय. दोन लाख घ्या आणि जमीन सोडल्याच्या स्टॅम्प पेपरवर सही करा.’ आई घाबरली आहे, सही करून मोकळे व्हावे म्हणते. काय करू?

उत्तर : आधी आईंना फोन करा. सही करू नका, अंगठा देऊ नका, पैसे हातात घेऊ नका, एवढे सांगा. बाकीचे मग वाचा.

मी 31 वर्षे तहसील कचेरीत होते, त्यातली बरीचशी कुळकायदा शाखेत. नोकरीला लागल्यावर चौथ्या वर्षी अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, चाळताना माझ्या आईच्या वडिलांचे नाव समोर आले. ‘कुळाने राजीखुशीने जमीन सोडली, सबब नाव कमी केले.’ आजोबांना वाचता येत नव्हते. तहसीलदारांनी त्यांना समोर बोलावून विचारल्याचा एक ओळीचा जबाब त्या फाइलीत नव्हता. आई सांगायची, त्या वर्षी लावणीला गेलो तर शेतात दुसऱ्यांचे बैल होते. म्हणून तुमचे पत्र मी दोनदा वाचले.

1948 च्या कुळकायद्याचे कलम 15 याचसाठी आहे. कुळाने जमीन सोडायची तर ती लेखी सोडावी लागते आणि तहसीलदारांनी स्वतः त्याची खातरजमा करावी लागते. कूळ हे आपखुशीने करते आहे का, आपण काय सोडतो आहोत हे त्याला समजले आहे का, हे त्यांनी विचारायचे असते. ओटीवर बसून केलेल्या स्टॅम्प पेपरने कूळ जात नाही. ताबाही कलम 29 प्रमाणे तहसीलदारांच्या हुकुमाशिवाय घेता येत नाही. उद्या कोणी बांध फोडायला आले तर हे ठणकावून सांगा.

आता मुदतीचे. 1 एप्रिल 1957, म्हणजे कृषक दिनी, कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले. मात्र मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कलम 32फ प्रमाणे ती खरेदी पुढे ढकलली गेली. विधवा मालकीण वारल्यावर ठरावीक मुदतीत कुळाने खरेदीची इच्छा कळवायची, असा नियम. नातू बोट ठेवतात ते इथेच. पण पुण्यातल्या मालकीणबाई गेल्याचे लांज्यातल्या कुळाला कळायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2019 मध्ये हा प्रश्न सोडवला : विधवेच्या वारसांनी कुळाला तसे कळवले पाहिजे, न कळवता मुदत संपल्याचा फायदा त्यांना घेता येणार नाही. मात्र आता तुम्हाला कळले आहे, तेव्हा एक दिवसही दवडू नका. खरेदीची इच्छा वारसांना आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला, म्हणजे तहसीलदारांना, लेखी कळवा. पोच जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. जमीन खरोखर बाईंच्या एकटीची होती की एकत्र कुटुंबाची? एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब बदलतो, बहुधा तुमच्याच बाजूने. 1957 च्या आधीचे फेरफार काढा.

थकलेल्या खंडाने कूळ आपोआप संपत नाही. तीन महिन्यांची नोटीस आणि तहसीलदारांपुढे अर्ज, हे मालकाने करायचे असते. न्यायलाच कोणी आले नाही, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घ्या, ती आहेत तोवर. खंडाच्या जुन्या पावत्या आईंच्या पेटीत असतील. बायका असे कागद फेकत नाहीत.

आजोबांच्या जागी वारसांची नोंद अजून नाही, ती आधी करा. कलम 40 प्रमाणे कूळहक्क वारसांकडे येतो. आईंचे नाव त्यात पहिले घाला.

खरेदीची किंमत ऐकून तुम्हाला धक्का बसेल. कलम 32ग च्या चौकशीत ती आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेल्या शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पटींत ठरते. आकार 1 रुपया 35 पैसे असेल तर जास्तीत जास्त 270 रुपये. त्यावर मालकाने बांधलेली विहीर, लावलेली झाडे यांचे मोल आणि थकलेला खंड. ती भरली की कलम 32म चे खरेदीचे प्रमाणपत्र मिळते. दोन लाख कशासाठी देऊ करतात ते आता आईंना समजावून सांगा.

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला जसेच्या तसे लावू नये. तिथले कुळकायदे वेगळे आहेत. विदर्भात कृषक दिनही 1 एप्रिल 1961 चा.

तहसीलदारांपुढे उभे राहताना कुळकायद्यातला वकील बरोबर असू द्या. भावाला सांगा, यंदाची लावणी नेहमीसारखी, नेहमीच्या दिवशी करायची.