रोजचं चित्र अकराव्या दिवशी तुटतं तेव्हा

सांगलीच्या एक ४३ वर्षांच्या ताई बँकेत नोकरी करतात. त्या लिहितात: "शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, मग चित्रकला सुटली. आता रोज ॲक्रिलिक रंगांत एक चित्र काढायचं असं तीनदा ठरवलं. कधी नवव्या, कधी अकराव्या दिवशी तुटलं. या वेळी सासूबाई आजारी पडल्या आणि कॅनव्हास कपाटामागे गेला. रात्री नऊनंतरच वेळ मिळतो, वेगळी खोली नाही. नवरा म्हणतो, रविवारी काढत जा. माझ्यात चिकाटीच नाही का?"

ताई, बँक आणि घर सांभाळून दहा रात्री ब्रश हातात धरणाऱ्या बाईला चिकाटी नाही, हे मला मुळीच पटत नाही. तुमचं मागणं अवघड होतं. रोज एक पूर्ण चित्र, तेही ॲक्रिलिकमध्ये! ॲक्रिलिक पॅलेटवर वाळलं की वाया जातं. रोज नवा रंग पिळायचा, ब्रश लगेच धुवायचे, ओला कॅनव्हास ठेवायला जागा शोधायची. दमलेला माणूस एवढ्यानेच मागे फिरतो. रोजचा सराव वेगळा, पूर्ण चित्र वेगळं: गाणारी मुलगी पहाटे खर्जाचा रियाज करते, तेव्हा समोर श्रोते बसवत नाही.

म्हणून रोजच्या सरावाला जलरंग घ्या. पॅलेटमध्ये वाळलेला जलरंग दोन थेंब पाण्याने पुन्हा ओला होतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. २२ बाय ३० इंचांच्या एका शीटचे आठ तुकडे करा. आठवडा निघेल, वर एक उरेल.

आता रात्रीच्या वेळेबद्दल. ट्यूबलाइटखाली लावलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो आणि उगाच मन खचतं. तेव्हा रात्री रंगाच्या नादी लागूच नका. फक्त बर्न्ट अंबर हा एकच गडद तपकिरी रंग घ्या आणि छाया-प्रकाश करा. घरात चिनीमातीची लोणच्याची बरणी असेल, वरून तपकिरी, खालून पांढरट. दिवा एका बाजूला ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. तपकिरीवर उजेड पडतो तो भाग जास्त गडद, की पांढऱ्या पोटाची सावलीकडची बाजू? आपल्याला पांढरं म्हणून माहीत असतं, म्हणून आपण ते पांढरंच ठेवतो आणि बरणी चपटी होते. एवढं एक कोडं महिनाभर पुरतं. वीस मिनिटं झाली की थांबा, अर्धवट असलं तरी.

महिनाभर एकच बरणी? हो. इटलीत बोलोन्याला राहणाऱ्या चित्रकार ज्योर्ज्यो मोरांदीची (१८९०-१९६४) झोपायची खोली हीच त्याची चित्रशाळा होती. घरात सोबत तीन बहिणी. त्याच त्या बाटल्या आणि डबे त्याने कित्येक दशकं रंगवले.

यजमानांचं रविवारचं म्हणणं मात्र अर्धं घ्या. रविवारी सकाळच्या उजेडात रंग लावा, ॲक्रिलिकही काढा. रात्रीची वीस मिनिटं सोडू नका, कारण सहा दिवस न पाहिलेली बरणी सातव्या दिवशी पुन्हा परकी वाटते.

दिवस बुडतीलच. सासूबाईंचं औषधपाणी आधी. बुडालेल्या दिवसाचं चित्र दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, त्या ओझ्यानेच तीनदा तुटलं असावं. कागदामागे तारीख घाला आणि पुढचा तुकडा घ्या.

महिन्याने पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून सासूबाईंना दाखवा. बरणी त्यांच्या ओळखीची आहे. कुठल्या कागदावरची गोल वाटते, ते त्या लगेच सांगतील.