परदेशातून गणपतीपुळ्याला ४० माणसांचं लग्न ठरवता येईल का?

हो, येईल, पण तिथलं एक माणूस हाताशी हवंच. धाकट्या बहिणीचं लग्न मी असंच दुरून ठरवलं, त्यावरून सांगते. रत्नागिरीत राहणारं नात्यातलं किंवा ओळखीचं कोणीतरी गाठा आणि आगाऊ रक्कम देण्याआधी त्यांना हॉल, खोल्या, पाण्याची सोय प्रत्यक्ष बघायला सांगा. फोटोंवर जाऊ नका. स्वयंपाक गावातल्याच आचाऱ्याला द्या. उकडीचे मोदक, सोलकढी तिथल्यासारखी बाहेरचा केटरर करत नाही, हे माझं ठाम मत. मांडव किनाऱ्यावर हवा असेल तर त्या दिवशीची भरतीची वेळ बघून मुहूर्त धरा. जून ते सप्टेंबर टाळाच. पाहुण्यांना कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरवून पुढे एकच मिनीबस करा.

एक अट मात्र नीट समजून घ्या. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल, तर दोघांपैकी एकाचं विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस देण्याआधी त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही. वैदिक पद्धतीने लग्न करून मग नोंदणी करणार असाल, तर तीन साक्षीदारांसह हजर राहायला परतीच्या विमानाआधी कामाचे तीन-चार दिवस मोकळे ठेवा.